फ्रेंच क्रियापदं बोलताना चुकतायत? आधी शेवटचं ई-एन-टी तपासा

गेली अकरा वर्षं मी पुण्यात घरीच फ्रेंचच्या शिकवण्या घेते. सुरुवातीला शाळेतली मुलं यायची, आता निम्म्याहून जास्त कॅनडाच्या पीआरवाले (तिकडे कायमचं राहायला परवानगी हवी असलेले) आहेत. आणि बॅच कुठलीही असो, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक तक्रार येतेच, "ताई, रूपं सगळी पाठ आहेत, लिहायला सांगा, आत्ता लिहून देते, पण बोलले की समोरचा 'पार्दोँ?' (काय म्हणालात?) म्हणतो." हा बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता मुलगी पहिलं वाक्य बोलली की कुठला स्क्रू ढिला आहे ते कळतं. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते, यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी दोन सूचना. या पोस्टमध्ये रोमन अक्षर एकही नाही आणि ते मुद्दाम आहे, कारण नव्वद टक्के लोकांचा रोग जिभेत नसतोच, डोळ्यात असतो. डोळ्याला अक्षरं दिसतात आणि जीभ ती इमानदारीने वाचून टाकते. स्पेलिंग सांगायचं असेल तिथे अक्षरांची नावं लिहीन. दुसरं म्हणजे खुणा: पाय मोडलेलं अक्षर (ल्, त्) म्हणजे तिथे आवाज थांबला, पुढे 'अ' नाही. चंद्रबिंदू म्हणजे स्वर नाकातून, पण न किंवा म चा उच्चार करायचा नाही. 'ज़' म्हणजे आपल्या 'जरा' मधल्या ज च्या जवळचा, आणि 'झ' म्हणजे 'टेलिव्हिजन' म्हणताना येतो तो. देवनागरीत फ्रेंच शंभर टक्के बसत नाही, पण कामापुरती बसते.

लक्षणं

यातली दोन जरी जुळली तरी पुढे वाचा.

'ते बोलतात' म्हणताना तुम्ही 'इल् पार्लाँ' किंवा 'इल् पार्लेंट' म्हणता. बरोबर आहे नुसतं 'इल् पार्ल्'.

'आम्ही खातो' चे तीन तुकडे पडतात, 'माँ-झे-ओँ'. हवेत दोन, 'माँ-झोँ'.

'त्यांच्याकडे आहे' आणि 'ते आहेत' यांची अदलाबदल होते, म्हणजे 'इल्-ज़ोँ' म्हणायचं तिथे 'इल्-सोँ' जातं. मग 'त्यांना दोन मुलं आहेत' चं 'ते दोन मुलं आहेत' होतं आणि समोरचा गोंधळून बघत राहतो.

'तो घेतो' आणि 'ते घेतात' तुमच्या तोंडून सारखेच येतात. किंवा उलटे येतात, ते जास्त वाईट.

प्रत्येक शब्द सुटा सुटा पडतो, बसच्या कंडक्टरने थांब्यांची नावं पुकारावीत तसा.

आणि शेवटचं, श्रुतलेखनात तुम्हाला एकवचन ऐकू येतं आणि कागदावर अनेकवचन असतं. हे लक्षण वाटतं पण बऱ्याचदा बिघाड नसतोच, तो फ्रेंचचा स्वभाव आहे, खाली येईलच.

पहिली तपासणी: हा शब्द क्रियापद आहे का? (फुकट, दहा सेकंद)

सगळ्यात स्वस्त उपाय हा आणि सगळ्यात जास्त बिघाड इथेच सापडतात. शेवटी ई-एन-टी दिसलं की थांबा आणि विचारा, हे 'ते करतात' वालं रूप आहे का? असेल तर ते तिन्ही अक्षरं मुकी. नाम, विशेषण, क्रियाविशेषण असेल तर तेच ई-एन-टी 'आँ' होतं. फ्रेंच शिकवणाऱ्यांचं एक जुनं लाडकं वाक्य आहे, मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात, 'ले पूल् द्यु कूवाँ कूव्'. मठ आणि 'उबवतात' या दोन्ही शब्दांचं स्पेलिंग डिट्टो एकच, पण पहिला 'कूवाँ' आणि दुसरा फक्त 'कूव्'. तसंच 'प्रेज़िदाँ' म्हणजे अध्यक्ष, आणि 'अध्यक्षपद भूषवतात' म्हणायचं तर 'प्रेज़िद्', अक्षरं तीच.

ही तपासणी का महत्त्वाची, तर इथे ऐकणाऱ्याला नुसता वेगळा ॲक्सेंट ऐकू येत नाही, वेगळा शब्दच ऐकू येतो. ॲक्सेंट लोक माफ करतात, पण 'पार्लाँ' ऐकल्यावर त्यांच्या डोक्यात 'ते बोलतात' उमटतच नाही.

आता यातले खड्डे. 'तो येतो' चं शेवट आय-ई-एन-टी आहे पण ते एकवचन, तिथे 'व्यँ' असा नाकातला आवाज येतोच (ॲ च्या बाजूला झुकलेला). आणि 'ते अभ्यास करतात' याचंही शेवट आय-ई-एन-टी च, पण ते अनेकवचन म्हणून नुसतं 'ए-त्यु-दि'. चारही अक्षरं तीच, एकीकडे बोलायची, एकीकडे गिळायची. म्हणून शेवट बघून ठरवू नका, कर्ता बघा. नुसतं 'इल्' म्हणजे 'तो', एस लागला की 'ते', म्हणून 'इल्' ला एस आहे का नाही तेवढं बघितलं तरी काम होतं. 'त्याला वास येतो' हे 'साँ' आणि 'तो खोटं बोलतो' हे 'माँ', तिथेही ई-एन-टी बोलायचं, कारण ते प्रत्यय नाहीत, धातूचाच भाग आहेत.

दुसरा खड्डा औषधाचा डोस जास्त झाल्यामुळे येतो. एकदा 'शेवटचं गप्प' हे डोक्यात बसलं की पोरं ओ-एन-टी सुद्धा गप्प करतात. ते नाही करायचं. ओ-एन-टी कायम 'ओँ': 'सोँ' (आहेत), 'फोँ' (करतात), 'वोँ' (जातात), आणि भविष्यकाळातलं 'पार्-ल-रोँ' (बोलतील).

माझं आवडतं उदाहरण 'ते आत येतात'. यात ई-एन दोनदा आहे, सुरुवातीला आणि शेवटी. सुरुवातीचं बोलायचं, शेवटचं नाही: 'इल्-ज़ाँत्र्'. हे एक क्रियापद फ्रिजवर चिकटवून ठेवा, दुधाची पिशवी काढताना रोज दिसेल.

दुसरी तपासणी: हनुवटीखाली हात (फुकट, पाच मिनिटं)

हाताची पाठ हनुवटीला टेकवा आणि क्रियापद मोठ्याने म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितकी अक्षरं, म्हणजे सिलॅबल. वही मिटलेली पाहिजे, उघडी असली की डोळा परत घुसतो.

'बोलणे' चा वर्तमानकाळ: झ पार्ल्, त्यु पार्ल्, इल् पार्ल्, नू पार्-लोँ, वू पार्-ले, इल् पार्ल्. क्रियापदाचे झटके मोजा, एक, एक, एक, दोन, दोन, एक. तुमचे 'ते' वाल्या ओळीत दोन आले तर बिघाड सापडला. आणि 'मी' वाल्या ओळीतच दोन आले तर बिघाड वेगळा आहे, तो तिसऱ्या तपासणीत.

इथे एक गोंधळ आधी मिटवते. कागदावरची फोड आणि तोंडातली फोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळीच्या शेवटी शब्द तोडायला किंवा शाळेच्या व्याकरणात 'पार' आणि 'लेंट' असे दोन तुकडे पाडतात, ते तिथे बरोबर आहे. जुन्या छंदोबद्ध कवितेत तर पुढच्या शब्दाची सुरुवात व्यंजनाने असेल तर त्या मुक्या ई चा पण एक ठोका धरतात, नाहीतर बारा ठोक्यांची ओळ बाराची भरतच नाही. गाण्यात पण तो ई ताणून गातात. म्हणून जी मुलं फ्रेंच गाणी ऐकून शिकतात ती 'पार्-लऽ' म्हणत येतात, आणि त्यांना वाटतं आपण तर अस्सल माणसाचं ऐकून शिकलोय. ऐकलं बरोबर, पण तो माणूस गात होता.

क्लासमध्ये हमखास प्रश्न येतो, मग एक जण बोलतोय का दहा हे कळणार कसं? क्रियापदावरून नाही कळणार, संदर्भावरून कळेल. आणि आपण यावर तक्रार करायची नाही, कारण मराठीत नुसतं 'ते आले' म्हटलं तर सर आले का पाहुणे आले हे तरी कुठे कळतं. श्रुतलेखनातलं ते लक्षण म्हणजे हेच. तिथे कान साफ करून उपयोग नाही, वाक्यातल्या बाकीच्या शब्दांतून पुरावा गोळा करायचा.

तिसरी तपासणी: तुमची वही (फुकट, पण मन घट्ट करावं लागतं)

वहीत फ्रेंच शब्दांखाली पेन्सिलीने देवनागरीत लिहिलेलं असतं ना, ते मला दाखवा. 'पार्ल' असं लिहिलंय? हाच चोर.

बघा, मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण लिहितो पण बोलत नाही, घर, बस, पाऊस. म्हणजे फ्रेंचच्या मुक्या ई ची सवय आपल्याला जन्मापासून आहे, इंग्रजीवाल्यांपेक्षा आपण पुढे आहोत. पण शेवटी जोडाक्षर आलं की आपण तो 'अ' बोलतो: मित्र, धर्म, वर्ग, शब्द. म्हणून एका व्यंजनावर संपणारी क्रियापदं मराठी पोरं पहिल्या दिवसापासून बरोबर म्हणतात ('एम्', 'दॉन्'), आणि 'पार्ल्' आलं की 'धर्म' च्या चालीवर 'पार्-ल' होतं, झटके दोन. हे मला कळायला चार वर्षं लागली, तोपर्यंत मी बिचाऱ्यांना उगाच लक्ष द्या, लक्ष द्या म्हणत होते. उपाय साधा आहे, वहीत सगळीकडे पाय मोडा. पार्ल्, शेर्श्, रेस्त्. 'त्र्' वर संपणारी असतील ('माँत्र्' नाही, 'मोँत्र्' म्हणजे दाखवतात) तिथे थोडा 'अ' लागला तर लागू द्या, फ्रेंच लोकांचाही लागतो, नाहीतर घाईत ते र च खाऊन टाकतात.

वहीतला दुसरा चोर अनुस्वार. 'पार्लों' लिहिलं की आपण 'पार्लोन' वाचतो, कारण आजच्या प्रमाण मराठीत अनुस्वार म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या अक्षराप्रमाणे न नाहीतर म. तुमच्या आजोबांची पत्रं असतील तर बघा, त्यात 'नांव', 'पांच', 'कांहीं' असं असेल. ते अनुस्वार कोणी बोलत नव्हतं, नुसते लिहायचे, १९६२ च्या लेखन नियमांनी ते काढून टाकले. फ्रेंचचं क्रियापदाचं ई-एन-टी म्हणजे तसंच आजोबांच्या पत्रातलं 'नांव' समजा. फरक इतकाच की ते काढायला कोणी तयार नाही. (गोव्याकडची किंवा मालवणकडची मुलं नाकातल्या स्वरांना अजिबात अडत नाहीत, कोकणीत ते आहेतच. माझ्याकडची एक म्हापशाची मुलगी पहिल्याच तासाला 'पार्लोँ' इतकं स्वच्छ म्हणाली की मी उरलेल्या बॅचला तिच्याकडून शिकायला बसवलं.)

चौथी तपासणी: शेवटचं व्यंजन वाजतंय का? (एक संध्याकाळ)

वरच्या तीन तपासण्यांनी 'बोलणे' च्या जातीची क्रियापदं सुधारतात. आता ती जात घ्या जिथे एकवचन-अनेकवचनात खरंच ऐकू येणारा फरक आहे. युक्ती अशी की नेहमी अनेकवचनापासून सुरू करायचं आणि शेवटचं व्यंजन खाऊन टाकायचं, की एकवचन तयार. पाठ्यपुस्तकात उलटं शिकवतात म्हणून डोक्याचा भुगा होतो.

इल् पार्त् (ते निघतात), त् खा, इल् पार्. इल् फि-निस् (संपवतात), स् खा, फि-नि. इल् दोर्म् (झोपतात), म् खा, दोर्. इल् लीज़् (वाचतात), ज़् खा, ली. इल् ए-क्रीव् (लिहितात), व् खा, ए-क्री. इल् मेत् (ठेवतात), मे.

म्हणजे अनेकवचनाचं ई-एन-टी स्वतः मुकं असलं तरी बिनकामाचं नाही, आपल्या आधीच्या व्यंजनाला ते बोलतं करतं. त्याच्या जोरावर तो त् वाजतो. हे लक्षात आलं की पोरांचा ई-एन-टी वरचा राग जातो.

नाकातल्या स्वरांचं मात्र नीट बघा, इथे फोड खरोखर कामाला येते. नियम असा: स्वरानंतर एन आला आणि त्याच्यापुढे व्यंजन असेल किंवा शब्द संपला, तर एन आधीच्या स्वरात विरघळतो, स्वर नाकातला होतो. एन च्या पुढे स्वर असेल, मग तो मुका ई का असेना, किंवा एन दोनदा लिहिलेला असेल, तर एन स्वतंत्र वाजतो आणि स्वर स्वच्छ राहतो. म्हणून 'तो घेतो' इल् प्राँ, 'ते घेतात' इल् प्रेन्. 'तो येतो' इल् व्यँ, 'ते येतात' इल् व्येन्. 'गातात' मध्ये एन नंतर टी आहे म्हणून 'शाँत्', नाक तसंच. 'देतात' मध्ये दोन एन, म्हणून 'दॉन्', नाक बंद. आणि 'आम्ही देतो' हे 'दो-नोँ', पहिलं स्वच्छ, दुसरं नाकातलं. हे 'दो-नोँ' वीस वेळा म्हणा, जमलं तर नाकाचा प्रश्न मिटला.

पाचवी तपासणी: सांधे (एक आठवडा)

सुटे शब्द बरोबर यायला लागले की मग सांधे बघायचे. त्याआधी नाही, नाहीतर चुकीचे डबे जोडून गाडी पळवल्यासारखं होतं.

फ्रेंचमध्ये व्यंजन पुढच्या स्वराकडे उडी मारतं. 'तो प्रेम करतो' इल्-एम् नाही, 'इ-लेम्'. 'ती पोचते' 'ए-ला-रीव्'. अवघड वाटत असेल तर स्वतःचं मराठी ऐका, 'कुठे आहेस' असं कोण म्हणतं हो, 'कुठायस' म्हणतो आपण. तेच करायचंय.

दुसरा सांधा म्हणजे एरवी मुका असलेला एस स्वर दिसला की ज़ होऊन जागा होतो. नू-ज़ा-वोँ, वू-ज़ेत्, इल्-ज़ेम्, एल्-ज़ा-रीव्. आणि लक्षणांत सांगितलेली ती कुप्रसिद्ध जोडी इथेच सुटते, 'त्यांच्याकडे आहे' मध्ये ज़ आहे (इल्-ज़ोँ), 'ते आहेत' मध्ये स (इल्-सोँ). सगळा भार या एका ज़-स वर आहे. दुसरी तपासणी करताना आपण म्हटलं ना, एकवचन-अनेकवचन ऐकू येत नाही, तर स्वराने सुरू होणाऱ्या क्रियापदात या ज़ मुळे ते येतं: 'इ-लेम्' एक जण, 'इल्-ज़ेम्' अनेक. म्हणून ही तपासणी टाळू नका.

एच ने सुरू होणारी क्रियापदं दोन जातींची. 'राहतात' चा एच नसल्यासारखाच, म्हणून 'इल्-ज़ा-बित्'. 'द्वेष करतात' चा एच भिंतीसारखा उभा, सांधा होतच नाही, 'इल् | आ-ईस्'. कुठला एच कुठल्या जातीचा ते शब्दकोशात खूण बघून पाठ करायचं, युक्ती नाही.

प्रश्न उलटा विचारताना (बोलतात का ते?) मुका टी पण जागा होतो, 'पार्ल्-तिल्'. आणि 'बोलतो का तो?' यातही मध्ये मुद्दाम एक टी घालतात, तेही 'पार्ल्-तिल्'. परत दोघं सारखे. हसा आणि पुढे चला.

सहावी तपासणी: अंग बदलणारी क्रियापदं (महिना तरी)

हे सगळ्यात चिवट, आणि अर्ध्या लोकांना इथवर यायची गरज पडत नाही.

'आम्ही' आणि 'तुम्ही' या दोन रूपांत प्रत्यय बोलला जातो, बाकी चारांत नाही. म्हणजे त्या चारांत धातूचं शेवटचं अक्षरच (सिलॅबल) शब्दाचं शेवटचं अक्षर होतं. आणि शेवटच्या बोलल्या जाणाऱ्या अक्षरात फ्रेंचला लुळा 'अ' चालत नाही, तिथे स्वर भरीव पाहिजे. म्हणून 'हाक मारणे' मध्ये झा-पेल्, पण नू-ज़ा-प्लोँ. 'विकत घेणे' मध्ये झा-शेत्, पण नू-ज़ाश्-तोँ. ते दोन एल, ती ई वरची उलटी रेघ, हे मास्तरांनी छळायला शोधलेलं नाही, 'इथे ए भरीव बोल' एवढंच ते सांगतात. काही ठिकाणी तर तोंड आधी बदललं आणि स्पेलिंग मागून आलं: 'सोडून देईन' या भविष्यकाळी रूपात लोक कधीचे मोकळा 'ए' बोलत होते पण रेघ सरळी होती, १९९० च्या सुधारणांनी उलटी रेघ चालेल असं सांगितलं. दोन्ही स्पेलिंगं बरोबर धरतात, उच्चार एकच.

'माँ-झोँ' मधला ई बोलायचा नसतोच, तो जी ला मऊ ठेवायला बसवलाय, नसता तर 'माँ-गोँ' झालं असतं. भविष्यकाळातला ई पण स्वरानंतर गायब: 'खेळीन' झू-रे, झटके दोन. 'अभ्यास करीन' ए-त्यु-दि-रे.

'आम्ही करतो' हे स्पेलिंग बघितलं तर 'फे-ज़ोँ' वाटतं, पण ते 'फ-ज़ोँ' आहे. कारण विचारू नका, पाठ करा. तिथेच 'वू फेत्' (तुम्ही करता) आणि 'वू दित्' (तुम्ही म्हणता) पण पाठ करा, या दोघांना 'तुम्ही' चा नेहमीचा 'ए' लागत नाही.

आता आय वर संपणारे धातू. 'आम्ही अभ्यास करतो' ए-त्यु-द्योँ, शेवटचं एका झटक्यात. पण 'आम्ही विसरतो' ऊ-ब्लि-योँ, तिथे फुटतं. कारण ब् आणि ल् आधीच जोडून आलेत, त्यावर आणखी य चढवला तर जीभ अडकते. कुठल्याही व्यंजनाला ल किंवा र चिकटलेला असेल आणि पुढे हा य येत असेल तर फोडायचं, नाहीतर एकत्र ठेवायचं. वाय वाले धातू म्हणजे 'साफ करणे': ने-त्वा, पण नू ने-त्वा-योँ. तो वाय म्हणजे दोन आय समजा, एक आधीच्या अक्षराला, एक पुढच्याला.

'पार्-ले' चे दोन ए (तुम्ही बोलता आणि तो बोलत होता) यांत बारीक फरक आहे, एक मिटलेला, एक मोकळा. त्यावर जीव काढू नका, फ्रान्सच्या दक्षिणेकडे लोक स्वतःच तो फरक फारसा ठेवत नाहीत. तिकडचे लोक मुका ई पण थोडा बोलतात, म्हणून मार्सेच्या माणसाचा व्हिडिओ बघून 'पार्-ल' ऐकू आलं तर घाबरू नका. पण तो सुद्धा 'पार्लाँ' म्हणत नाही, हे ऐकून घ्या. मॉन्ट्रियलला जाणाऱ्यांनी आणखी एक, तिकडे 'त्यु दि' चं 'त्स्यु द्झि' होतं, ते शिकायला जाऊ नका पण ऐकलं तर ओळखा.

खात्री करायची असेल तर फ्रेंच विक्शनरीत (इंटरनेटवरचा फुकट शब्दकोश) क्रियापदांचे तक्ते उच्चारासकट आहेत. तिथे बघा, मग मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला कसंतरी होतं, मान्य, तरी ऐका.

कधी थांबायचं आणि कोणाला गाठायचं

पहिल्या तीन तपासण्या घरी करा, त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही, मला पण नाही.

चौथी-पाचवी रोज वीस मिनिटं तीन आठवडे केली आणि रेकॉर्डिंगमध्ये 'प्राँ' आणि 'प्रेन्' अजून सारखेच ऐकू येतायत, तर एकट्याने घासणं बंद करा. चूक पक्की होते. उच्चार शिकवणारा माणूस समोर बसवा, जो तुमचं तोंड बघेल, ओठ कुठे आहेत, जीभ कुठे आहे. नाकातले स्वर आणि 'त्यु' मधला तो ऊ-ई ची खिचडी असलेला आवाज व्हिडिओ बघून फार कमी जणांना जमतो. ॲपला तर तुमचे ओठ दिसतच नाहीत, ते 'शाब्बास' म्हणून पुढे ढकलतं.

मुलगा मराठीतही र ला ल म्हणत असेल, अडखळत असेल, तर फ्रेंचच्या बाई बदलून उपयोग नाही, स्पीच थेरपिस्ट. मी दोन पालकांना हे सांगितलंय, एकाला राग आला होता.

फ्रेंच र काढताना घसा दुखायला लागला तर त्या दिवशी बंद. तो र खाकरून काढायचा नसतो, तुम्ही जोर जास्त लावताय. आवाज बसला आणि दोन-तीन आठवडे सुटला नाही, किंवा मराठीतही लोकांना 'काय म्हणालात?' असं सारखं विचारावं लागतंय, तर सरळ डॉक्टरकडे, कान-नाक-घसावाल्या. हो, ई-एन-टी कडेच. हा विनोद बॅचमध्ये दरवर्षी कोणीतरी करतंच.

आणि डेल्फ (फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा) दहा दिवसांवर आली असेल तर सहावी तपासणी उघडूच नका. तोंडी परीक्षा शंभरातली पंचवीस मार्कांची असते, उच्चार हा त्यातला एक तुकडा, एका 'फे-ज़ोँ' ने कोणी नापास होत नाही. पहिली आणि पाचवी पक्की करा, एक मॉक तोंडी कुणाकडून तरी करून घ्या आणि आदल्या रात्री वही मिटून ठेवा.